गाळाची पंगत



गावतळ्याच्या काठी बसून चिखलात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात. हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. माझं लहानपण गोदाकाठी गेलं. नदीच्या एका जुन्या डोहात, जिथं पाणी साचून हिरवं झालेलं असे, तिथं आम्ही पोरं वेळू खुपसायचो आणि कुणाचे बुडबुडे जास्त ते मोजायचो. इटलीत 1776 साली अलेसांद्रो व्होल्टानं मॅज्योरे सरोवराच्या काठी नेमकं हेच केलं. फरक एवढाच की त्यानं ते बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. ते पेटले. तो वायू म्हणजे मिथेन.

चिखलात हा वायू तयार करतं कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पुढं पडला, आणि त्याचा माग काढत मी पोचलो तो बंगालच्या उपसागराच्या तळाशी. पुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून पोचलो, हे सांगायला हवं. पण तिथं जे भेटलं ते परकं नव्हतं. ती आपलीच माती होती.

गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि 1465 किलोमीटर वाहत पूर्वेच्या समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिचं पाणी चहासारखं होतं, ते आपण पाहतोच. नाशिक, नगर, संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड या सगळ्या मुलखातली काळी माती त्यात असते. राजमहेंद्रीच्या खाली नदीला फाटे फुटतात, त्रिभुज प्रदेश लागतो, आणि उरलेला गाळ समुद्रात जातो. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तिथला तळ एकदम उतरत जातो, हजार मीटर, दोन हजार मीटर. त्या उतारावर आपला गाळ बसतो, थरावर थर.

2006 साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ हे वेधनजहाज आपल्या समुद्रात आलं होतं. भारताच्या गॅस हायड्रेट कार्यक्रमाची ती पहिली मोठी मोहीम; हायड्रेट म्हणजे काय ते पुढं येईलच. एप्रिलअखेरीपासून ऑगस्टपर्यंत तिनं ठिकठिकाणी समुद्रतळाला भोकं पाडली आणि लांबलचक नळ्यांतून गाळाचे दंडगोल वर काढले. अशा दंडगोलाला गाभा म्हणतात. गोदावरीच्या मुखासमोर, 1268 मीटर पाण्याखालून काढलेला एक गाभा पुढं शास्त्रज्ञांनी फार बारकाईनं वाचला. गाळातल्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून माती कुठल्या खडकाची ते ओळखता येतं, आणि पानांवरच्या मेणाचे अंश हजारो वर्षं टिकतात, त्यांवरून वरच्या मुलखात कसली झाडं होती ते कळतं. त्या गाभ्यात दिसलं ते असं: गेल्या साधारण 4000 वर्षांत पाऊस ओसरत गेला, झाडी विरळ होऊन गवताळ झाली, आणि दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला. या काळाच्या सुरुवातीला प्रवरेकाठी दायमाबाद, जोर्वे इथं शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. पाऊस उणावला, जमीन उघडी पडली, त्यात नांगर लागला आणि माती धुपली. दायमाबादच्या उत्खननात आपण त्या माणसांची भांडी पाहतो. त्यांच्या मुलखातून वाहून गेलेल्या मातीतला काही भाग तिकडं, सव्वा किलोमीटर पाण्याखाली आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते. माती तळाला पोचली म्हणजे संपली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. मातीबरोबर पानं, मुळं, काडीकचरा गेलेला असतो, वरून समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचे मेलेले देह पडत असतात. एवढं अन्न आलं की जेवणारे येतातच. आपल्याकडं लग्नकार्यात एकामागून एक पंगती उठतात ना, तसंच तिथं चालतं. पहिल्या पंगतीला सगळं ताजं आणि भरपूर, पुढच्यांना उरलेलं, आणि शेवटच्या पंगतीला भांड्याच्या तळाची खरवड.

पण या पंगती ठरतात अन्नावरून नाही, श्वासावरून. अन्न पचवून त्यातली ऊर्जा काढायची तर आपल्याला ऑक्सिजन लागतो. जंतूंचंही तसंच, मात्र ऑक्सिजन नसेल तर ते अडून बसत नाहीत. जे हाताशी असेल त्यावर श्वास घेतात. गाळाच्या अगदी वरच्या थरात पाण्यातला ऑक्सिजन उतरलेला असतो. तिथं किडे, कृमी, जंतू सगळेच जेवतात. पण अशा अन्नानं भरलेल्या गाळात ऑक्सिजन काही मिलिमीटरांत, फार तर काही सेंटिमीटरांत संपतो. त्याखाली नायट्रेटवर जगणारे जंतू. तेही लवकर आटपतं. मग येतात मँगेनीज आणि लोखंडाचे गंज वापरणारे. आपला दख्खनचा पाषाण लोहयुक्त, त्यामुळे त्याच्या मातीत गंजाची कमतरता नसते. आपण लोखंडाला चढलेला गंज घासून काढतो, आणि तळाशी कुणीतरी त्याच गंजावर श्वास घेतो. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी वाचत असलेलं पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

यानंतरची पंगत मोठी असते. समुद्राच्या पाण्यात मीठ तर असतंच, पण दर लिटरमध्ये पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेटही असतं. ऑक्सिजनच्या मानानं हा साठा कितीतरी पट मोठा. सल्फेटवर जगणारे जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणजे नासक्या अंड्याचा वास. तो वायू गाळातल्या लोखंडाला भेटला की काळाकुट्ट लोहसल्फाइड होतो आणि कालांतरानं पायराइटचे सोनेरी कण बनतात. खाडीतल्या चिखलात पाय रुतला की वरचा करडा थर फाटून खाली काळा चिखल लागतो, वास येतो. कोकणातल्या, गोव्यातल्या श्रोत्यांना हे सांगायला नको.

सल्फेटही संपलं की उरतात आर्किया नावाचे जीव. ते दिसायला जंतूंसारखेच, पण वंशानं अगदी निराळे. त्यांतले काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर कसेबसे जगतात आणि मिथेन बाहेर टाकतात. ही शेवटची पंगत. माझ्या लहानपणच्या डोहातले बुडबुडे त्यांच्याच भाऊबंदांचे.

कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर या शेवटच्या पंगतीनं लाखो वर्षांत जे साठवलं, ते थक्क करणारं आहे. तिथं वरच्या पाण्याचा दाब शंभर वातावरणांहून अधिक, आणि तळाचं पाणी अवघं काही अंश सेल्सिअस. अशा दाबात आणि गारठ्यात पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा करून बसतात आणि बर्फासारखा पांढरा घन पदार्थ होतो. हेच गॅस हायड्रेट. काडी लावली तर हा बर्फ पेटतो. एक घनमीटर हायड्रेट फुटला की साधारण 164 घनमीटर मिथेन मोकळा होतो. 2006 च्या मोहिमेत इथल्या एका वेधनात मातीच्या भेगाभेगांत भरलेला हायड्रेटचा जवळजवळ 130 मीटर जाड पट्टा सापडला. जगात असे पट्टे फार थोडे. आणि त्या मिथेनच्या रासायनिक खुणांवरून कळतं की तो पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं शिजून निघालेला नाही, सूक्ष्मजीवांनी केलेला आहे.

गाभा डेकवर आला की वेळ थोडा असतो. दाब उतरलेला, बाहेर उन्हाळ्याची हवा, हायड्रेट फुटायला लागतो. तो फुटताना उष्णता शोषून घेतो, म्हणून गाभ्यावर अवरक्त कॅमेरा फिरवला की जिथं हायड्रेट आहे तिथं थंड ठिपके दिसतात. दुसरी खूण खारेपणाची. हायड्रेट बनताना मीठ बाहेर राहतं, म्हणून तो वितळला की तेवढ्या भागातलं पाणी चक्क कमी खारट निघतं. भर समुद्राखालच्या गाळात अळणी पाणी!

मग हा सारा मिथेन वर येऊन हवेत का मिसळत नाही? तापमान वाढवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढं आहे, म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. याचं उत्तर मिळायला पाव शतक गेलं. 1970 च्या दशकात गाळातलं पाणी मोजणाऱ्या रसायनतज्ज्ञांना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. वरून येणारं सल्फेट आणि खालून येणारा मिथेन एका ठरावीक थरात भेटतात, आणि दोन्ही तिथंच नाहीसे होतात. ऑक्सिजन नसताना मिथेन खाणारा जीव तेव्हा कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे जीवशास्त्रज्ञांना ते पटेना. 2000 साली आंत्ये बोएटिउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरच्या गाळात ते जीव सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. तो एक जीव नव्हताच. आर्कियांचा एक झुबका, आणि त्याला चहूबाजूंनी वेढून बसलेले सल्फेटवाले जंतू. दोघं मिळून मिथेन खातात, एकट्याला ते जमत नाही.

गोदावरीसमोरच्या गाळात सल्फेट आणि मिथेन भेटण्याचा हा थर कुठं काही मीटरांवर, तर कुठं वीसेक मीटरांवर लागतो. मिथेन खाल्ला जाताना कार्बोनेट बनतं, ते पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतं आणि गाळात चुन्याचे खडे होतात. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे लागतात, त्यांचे हे समुद्रातले नातेवाईक. काही ठिकाणी मात्र वायूचा रेटा इतका असतो की तो भेगांतून थेट तळापर्यंत येतो. 2018 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात अशी एक जागा सापडली. गर्द काळोखात शिंपल्यांची वस्ती, जिथं सूर्याच्या उजेडाचा काडीचाही आधार नाही. त्यांचं पोट चालतं ते मिथेन आणि सल्फाइडवर जगणाऱ्या जंतूंच्या जिवावर.

गाळाच्या पोटात जीव आहेत हे मान्य व्हायलाही असाच वेळ लागला. 1955 मध्ये झोबेल आणि मोरिटा या दोघांनी प्रशांत महासागराच्या तळातल्या मातीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले आणि जीवसृष्टीची खालची सीमा तळाखाली 7.47 मीटरांवर आखली. त्याखाली त्यांच्या बशांत काही उगवलं नाही. 1994 मध्ये जॉन पार्क्स यांच्या गटानं 500 मीटरांहून खाली जिवंत जंतू दाखवले. आज जगभरच्या समुद्रगाळातल्या सूक्ष्मजीवांचा अंदाज 29 वर 28 शून्यं इतका आहे.

ते कसे जगतात, हे समजायला आपलं घड्याळ उपयोगाचं नाही. आतड्यातला जंतू अनुकूल वेळी वीस मिनिटांत दुभंगतो. खोल गाळातल्यांना त्यासाठी अनेक वर्षं, काहींना शतकं लागत असावीत. दक्षिण प्रशांताच्या मध्यावर, जिथं अन्न जवळजवळ पडतच नाही, तिथल्या तळातून 2010 साली गाभे काढले होते. जपानच्या युकी मोरोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या जंतूंना प्रयोगशाळेत कार्बन आणि नायट्रोजनचं खाणं दिलं. 2020 साली त्यांनी जाहीर केलं की 10 कोटी 15 लाख वर्षांच्या मातीतले जंतू खाऊ लागले आणि वाढूही लागले. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ती माती बसली तेव्हा सह्याद्री जन्मालाही आला नव्हता. त्या जंतूंना मेलेले म्हणणं चूक होतं. त्यांच्या पंगतीत पान वाढलेलं नव्हतं, एवढंच.

गोदावरीकडं परत येतो, कारण जाता जाता एक गोष्ट सांगायची राहते. 1976 मध्ये पैठणला जायकवाडी धरण पुरं झालं. वर आणि खाली आणखीही धरणं आणि बंधारे झाले. समुद्राला पोचणारा गोदावरीचा गाळ 1970 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात निम्म्याहूनही कमी झाला. अडलेला गाळ आता जायकवाडीच्या नाथसागरासारख्या जलाशयांत बसतो. पंगती तिथंही उठतात, पण एक पंगत जवळजवळ नसतेच. गोड्या पाण्यात सल्फेट अगदी थोडं. म्हणून सल्फेटवाले जंतू थोडे, आणि समुद्रात मिथेन अडवून धरणारा तो दोघांचा झुबकाही इथं फारसा नाही. ऑक्सिजनवर मिथेन खाणारे जंतू वरच्या पाण्यात असतात, पण बुडबुडा त्यांच्या हाती लागण्याआधीच वर निसटतो.

वैशाखात नाथसागराचं पाणी मागं हटतं. उघड्या पडलेल्या पोयट्यावर माणसं गाळपेर करतात, आणि पाण्याच्या कडेला चिखलात पोरं पोटरीपर्यंत उतरतात. पाय उचलला की त्या खड्ड्यातून चार बुडबुडे वर येतात.