जुना एसएलआर घेताय? सिंक स्पीड विचारा

मी दिवसभर कोड लिहितो, सुट्टीत फिल्मवर फोटो काढतो. जुना कॅमेरा घेणारे मित्र सांगतात, "शटर १/१००० पर्यंत जातं रे!" मी विचारतो, फ्लॅश लावणार का? मग सिंक स्पीड किती?

फिल्मसमोर दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून झाकतो. शटर फार वेगात ठेवलं की पहिला पूर्ण सरकायच्या आतच दुसरा निघतो. फिल्मवरून नुसती फट जाते. फ्लॅशचा उजेड क्षणभराचा, त्यामुळे तेवढी पट्टीच उजळते. घरात बाकी फोटो काळा. पेंटॅक्स के१००० ला फ्लॅशसाठी १/६० किंवा त्याहून हळू शटर लागतं. नंतरच्या निकॉन एफएम२ ला १/२५० पर्यंत चालतं.

अ‍ॅपर्चरचं गणित सोपं आहे. गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर. आयएसओ १०० ला नंबर २८, माणूस ५ मीटरवर, म्हणजे एफ/५.६.

फिल्म कॅमेऱ्याला मागे स्क्रीन नसते. ताईच्या लग्नाचा ३६ फोटोंचा रोल बिघडला, तर ते धुऊन आल्यावरच कळणार. तोवर मांडव उतरलेला असतो. म्हणून आधी डायल बघा, मग बटण दाबा. भेटू पुढच्या भागात!