घाट, गाडी आणि आपण
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत ठरलं, की दुपारच्या जेवणानंतर कोणालाही झोप लागणार नाही असा विषय हवा. म्हणून 'माझी आवडती गाडी'. गेला तासभर आपण एकेकाच्या आठवणी ऐकल्या. त्यांचा समारोप माझ्याकडे दिलाय, कारण संयोजकांच्या मते गाडीवर माझ्याइतकं कोणी बोलत नाही. बायकोचंही हेच मत आहे, पण ती कौतुकानं म्हणत नाही.

गाड्या सगळ्या गावांत असतात. पण खोपोलीकराचं आणि दुचाकीचं नातं वेगळं आहे, आणि त्याला कारण आपला बोरघाट. आपल्या दारातून निघालेला रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढतो. टाटांनी १९१५ साली इथे वीजघर सुरू केलं ते याच उंचीच्या जोरावर. पाणी नळांतून जेवढं खाली येतं, तेवढंच आपली गाडी वर चढते. घाटातला गाडीरस्ता १८३० साली सुरू झाला. वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा आपण आजीकडून ऐकलीय, आणि आजही त्याच्या देवळापाशी हात जोडल्याशिवाय आपला माणूस पुढे जात नाही. दुसऱ्या गावात गाडी कशी आहे विचारलं तर 'ॲव्हरेज किती देते' हा पहिला प्रश्न असतो. आपल्याकडे पहिला प्रश्न, 'घाट कितव्या गिअरमध्ये चढते?'

आता तुमच्या गाड्या. सर्वांत जास्त टाळ्या बुलेटला पडल्या. १९५५ पासून मद्रासला तयार होणारी ही गाडी आपल्या लहानपणी फक्त फौजदार आणि एखाद्या बागायतदाराकडे असायची. आपल्या 'ब' तुकडीच्या पहिलवानानं तिची किक मारण्याची पद्धत इथे करून दाखवली: अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबायचा, मग पूर्ण वजन टाकून एकच किक. काटा चुकला तर पायाचं काय होतं तेही त्यानं दाखवलं. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. त्यामुळे बुलेटवाल्यानं दुसऱ्याची गाडी मागितली की आपण आधी देवाचं नाव घ्यायचो.

दुसरा नंबर यझदीचा. म्हैसूरच्या कारखान्यात आधी जावा आणि १९७३ पासून यझदी. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. एवढी काटकसर कोकणी माणसालाच सुचावी, पण सुचली दुसऱ्यांना!

मग १९८५ साल आलं. आपण नववीत होतो. त्या एका वर्षात आरएक्स १०० आणि सीडी १०० या दोन गाड्या बाजारात आल्या आणि पुढे आपल्या वर्गाचे दोन पक्ष झाले. आरएक्सवाले म्हणायचे, ९८ सीसीची गाडी पण घाटात बुलेटला मागे टाकते. सीडीवाले म्हणायचे, टाका मागे, पण पेट्रोल पंपावर आधी तुम्हीच उभे राहता. लिटरला ८० किलोमीटरचा दावा करणारी ती फोर-स्ट्रोक गाडी पगारदार माणसाला परवडणारी होती. रात्रपाळी सुटल्यावर लोकलची वाट बघत फलाटावर बसलेल्या कितीतरी कामगारांना तिनं तासभर आधी घरी पोचवलं. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरीच्या आपल्या मित्रांनी ते आज फार छान सांगितलं. बोनस, सोसायटीचं कर्ज आणि आईची पाटली, यांतून त्या गाड्या आल्या होत्या. म्हणून पहिल्या दिवशी हार गाडीला आणि पेढा आईला.

मैत्रिणींपैकी दोघीच बोलल्या, पण दोघींनी सभा जिंकली. एकीनं लुनावरून बारा वर्षं अंगणवाड्यांना भेटी दिल्या. दुसरीनं बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली किनेटिक होंडा घेतली, तेव्हा सासरे आठ दिवस बोलले नव्हते. नंतर तेच मागे बसून महडच्या वरदविनायकाला जाऊ लागले. आणि लुनाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपले विज्ञानाचे सर शाळेच्या चढाला लुनाचं पायडल मारायचे, तेव्हा मागून ढकलायला कोण कोण असायचं, ते सरांना आजही पाठ आहे. सर हसताहेत.

सर, तुमच्याच विषयाकडे येतो. घाट चढणं ही इंजिनाची परीक्षा असते आणि उतरणं ही चालवणाऱ्याची. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये खंडाळ्याहून खोपोलीला यायची आपल्याकडे पद्धतच होती. सगळं वजन ब्रेकवर येतं, लायनर तापतात आणि शेवटच्या वळणांवर ब्रेक दाबूनही पकड येत नाही. जुने मेकॅनिक सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. यझदीसारख्या टू-स्ट्रोकला तर आणखी एक सूचना असायची. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे ॲक्सिलरेटर बंद तर ऑइलही जवळजवळ बंद. म्हणून उतरताना मधूनमधून थोडी मूठ पिळायची, नाहीतर पिस्टन धरतो. हे सगळं आज ऐकताना आपण माना डोलावतो. पण आपली मुलं ज्या गाड्या चालवतात, त्यांच्या जोरापुढे आपली आरएक्स म्हणजे खेळणं आहे, आणि घाट तोच आहे.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा वाटलं, आता जुना रस्ता निवांत होईल. पण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. त्यामुळे मुंबईहून पुण्याकडे निघालेला दुचाकीस्वार आजही आपल्या शिळफाट्यावरून, आपल्या गावातूनच घाटाला लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे त्यांच्या रांगा बघा. धुकं, ट्रकचं सांडलेलं ऑइल, त्यावर पहिला पाऊस. त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. आपल्याला असतं.

आता ज्याच्यासाठी उभा राहिलो ते बोलतो. आज हजेरी घेताना एका नावापुढे आपण सगळे गप्प झालो. लाल यझदी आपल्या वर्गात सर्वांत आधी त्याच्याकडे आली. १९९४ च्या पावसाळ्यात, घाट उतरताना, तो गेला. त्याच्याकडे हेल्मेट होतं. ते हँडलला अडकवलेलं होतं. ज्यांनी नंतर गाडी उचलून आणली, ते आज या सभागृहात आहेत. हेल्मेटवर साधा ओरखडा नव्हता. त्याच्या आई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मेळाव्याचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, 'तुमची मुलं घालतात ना रे?'

या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार आहोत? आपल्यापैकी तिघांच्या मुलांनी यंदा नव्या गाड्या घेतल्यात. गाडीला लाख-दीड लाख सहज निघतात आणि हेल्मेट रस्त्याच्या कडेचं, बिनखुणेचं.

दुसरी गोष्ट. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंगरोबाच्या देवळाजवळ झांजपथकाच्या मुलांची बस दरीत गेली. १३ जण गेले. त्या काळोखात दोर घेऊन खाली उतरणाऱ्यांत आपल्या खोपोलीची पोरं होती. घाटात काही झालं की ही पोरं धावतात, याचा मला फार अभिमान आहे. पण आपल्या पिढीत अजून भीती आहे, की जखमीला हात लावला तर पोलीस-कोर्टाचे हेलपाटे. ती भीती आता नको. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातच आलं, कलम १३४-अ. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. १०८ ला फोन करा आणि थांबा.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. एक, मेळाव्याच्या शिल्लक रकमेतून स्मृतिचिन्हं करण्याऐवजी आयएसआय खुणेची हेल्मेट घेऊया आणि नव्यानं लायसन्स काढणाऱ्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना त्या मित्राच्या नावानं देऊया. दोन, आपल्यात दोन डॉक्टर आणि एक परिचारिका आहे. त्यांनी वर्षातून एकदा शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग घ्यावा. तीन, ज्याला घाट कळतो त्यानं आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्वतः मागे बसून एकदा घाट उतरवून आणावा. उपदेश करू नका, फक्त गिअर कधी पाडायचा ते सांगा.

पहिल्या विनंतीला कोषाध्यक्षांनी आत्ताच मान हलवली आहे. सर्वांसमक्ष हलवली आहे, याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

गाडीचं वेड सोडा असं मी सांगणार नाही, मला ते जमणार नाही. चार वाजता चहा आहे, त्यानंतर सगळ्या गाड्यांसह मैदानावर फोटो आहे. फोटोपुरतं हेल्मेट काढायला परवानगी आहे, पण फाटकातून बाहेर पडताना सर स्वतः उभे राहणार आहेत.