कर्ज आणि सचोटी
(वैराग, ता. बार्शी येथील व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्याच्या या अवर्षणप्रवण भागात कर्ज नसलेले घर विरळाच. ज्या घरातील मुले सरकारी नोकरीसाठी वर्षानुवर्षे अभ्यास करतात, त्या घरालाही कर्ज चुकलेले नाही. म्हणून कर्जबाजारी माणूस विश्वासाच्या जागेस पात्र आहे काय, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

राज्यसंस्थेची शंका सर्वस्वी निराधार आहे, असे नव्हे. अमेरिकन गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स या कर्जात बुडालेल्या अधिकाऱ्याने 1985 साली सोव्हिएत संघाला गुपिते विकण्यास आरंभ केला. तो पकडला गेला 1994 साली. गोपनीय कामासाठी माणसे निवडताना तेथे कर्जाची छाननी होते, ती याच भयापोटी. परंतु 2017 पासून लागू असलेली तेथील तत्त्वे नोकरी जाणे, आजारपण यांसारखी हाताबाहेरची कारणेही विचारात घेतात आणि त्या स्थितीत माणूस जबाबदारीने वागला काय, हे पाहतात.

आपल्याकडे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधील नियम 17 कर्मचाऱ्याला सवयीचा कर्जबाजारीपणा टाळण्यास बजावतो. वसुलीचा दावा दाखल झाल्यास त्याने ते शासनास तात्काळ कळवावयाचे असते. कर्ज उधळपट्टीतून नव्हे, तर अटळ परिस्थितीतून झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्याच माथी आहे.

हीच दृष्टी आता नोकरीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली आहे. कर्जफेडीची नोंद प्रतिकूल म्हणून भारतीय स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयाने 2025 साली तो निर्णय उचलून धरला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हे कोणीही मान्य करील. परंतु शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या तरुणाचे काय? नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो. आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही, असे झाले तर त्याने फेड करावी तरी कशातून? याउलट, जाणूनबुजून कर्ज बुडविणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 च्या परिपत्रकाने बँकांना दिली. धनकोच्या दारी थोरल्या ऋणकोला खुर्ची मिळावी आणि धाकट्याला शिक्का, हा कोणता न्याय?

इतिहासाची आठवण येथे उपयोगी पडेल. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तो सोलापूर जिल्ह्यासही लागू होता. केवळ कर्जरोख्यावर न विसंबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यासही बंदी केली. परकीय सरकारलाही जे उमगले, ते लोकशाही सरकारला अशक्य असू नये.

म्हणून मागणी छाननी बंद करण्याची नाही. ती न्याय्य करण्याची आहे. नापिकी, आजारपण व शिक्षण यांपायी झालेले कर्ज आणि उधळपट्टीचे कर्ज यांत भेद व्हावा. नेमणूक नाकारण्यापूर्वी उमेदवाराला लेखी कारण मिळावे व त्याचे म्हणणे ऐकले जावे. तरुणांनीही आपली पतनोंद पाहून ठेवावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून ती वर्षातून एकदा विनामूल्य मिळते. जामीन राहिलेल्या कर्जाची थकबाकीही तीत उमटू शकते, हे सही करण्यापूर्वी ध्यानी असावे.

सचोटी माणसाच्या वर्तनात असते. ती केवळ खात्यावरील बाकीवरून मोजणारे राज्य गरिबाला गरिबीचीच शिक्षा देत राहील.