काळं पान

मघापासून पडद्यामागून डोकावणाऱ्या माझ्या छोट्या दोस्तांनो,

तुमचे नाच व्हायचेत, चेहऱ्यावरचा मेकअप उतरायला लागलाय. थोडक्यात बोलतो.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. म्हणून मागच्या महिन्यात चित्रकलेच्या बाईंनी मला पाचवीच्या वर्गावर बोलावलं. चार कोरे कागद एकत्र दुमडायचे, घडीवर तीन भोकं पाडून सुईदोऱ्याने शिवायचे, की सोळा पानांची वही होते. त्या वहीत प्रत्येकाने आपल्या बाबांची चित्रगोष्ट करायची होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे बाबा सारखेच निघाले. मिशा, हसू, मागे दोन डोंगर. एकाने तर बाबांना पाठीला लाल कापड बांधून आकाशात उडवलं! मुलांचा दोष नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि ती आई घराघरांत पोचली. बापावरची पुस्तकं आठवावी लागतात. मला चटकन आठवतं ते नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही', तेही १९९३ सालचं.

मी म्हटलं, आज पेन्सिल ठेवून द्या. घरी जा आणि बाबांकडे नुसतं बघा.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. एकीचे बाबा शिंपी. तिच्या प्रत्येक चित्रात त्यांच्या गळ्यात टेप, जेवतानासुद्धा. ज्यांना वडील नाहीत, त्यांतल्या कुणी मामा काढला, कुणी आजोबा, एकीने आईच काढली. बाईंनी कुणाला अडवलं नाही, हे मला फार आवडलं.

एका मुलाने मात्र अख्खं पान काळ्या खडूने भरून टाकलं होतं. वर्ग हसला. मीही विचारलं, "अरे, बाबा कुठायत?" त्याने कोपऱ्यातल्या तिळाएवढ्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बॅटरी. ह्या आठवड्यात मोटारीला लाईट रातचीच हाय. बाबा रानात पाण्याची दारं धरायला जात्यात. मला घरातनं एवढंच दिसतं." पुढच्या पानावर उंबऱ्याशी चिखलाने भरलेली दोन पावलं होती. चेहरा कुठेच नव्हता. काळ्या खडूची कांडी मात्र संपली होती.

त्याने सांगितलं नसतं, तर ते काळं पान मला कळलंच नसतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरतात आणि रामायण-महाभारतातल्या गोष्टी गाऊन सांगतात. नुसती चित्रं दाखवून मोकळे होत नाहीत. मुलांनो, तुम्हीही वही बाबांच्या हातात कोंबून पळू नका. शेजारी बसा, पान उलटा, सांगा. गायला नाही आलं तरी चालेल.

आणि वडिलांनो, सगळ्या वह्या चित्रकलेच्या वर्गात मांडल्यात. सोळावं पान मुद्दाम कोरं ठेवलंय, ते तुमचं. प्रत्येक वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलीय. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी तिकडे जाऊन या.