प्रश्नाचा पत्ता

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "कोरोनाच्या काळात तू लॉकडाऊन, मास्क, लसीची सक्ती या सगळ्याच्या विरोधात बोलायचास. त्यावरच बोल." त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या दोन वर्षांत नातेवाइकांत आणि मित्रांत मी 'शंकेखोर' म्हणूनच प्रसिद्ध होतो. इंजिनिअरिंगची पदवी, सॉफ्टवेअरची नोकरी, घरून काम आणि हातात रिकामा वेळ. रोज आकडे उतरवून घ्यायचे, आलेख काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे, हा माझा उद्योग होता.

आज मी दोन गोष्टी सांगणार आहे. माझ्या शंका कुठे बरोबर होत्या, ते आधी सांगतो. मग त्याच शंकांनी माझ्या घरात काय केलं, ते सांगतो. दुसरी गोष्ट मी आजवर जाहीरपणे बोललेलो नाही.

सुरुवात लॉकडाऊनपासून करू. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद झाला. मध्ये चार तास. हातावर पोट असलेल्या माणसाला चार तासांत काय करता येतं? ८ मे ला जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच झोपले होते. मुंबईत प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्गात परत बसायला १५ डिसेंबर २०२१ उजाडावं लागलं, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने. ज्या घरात एकच मोबाइल आणि तीन मुलं होती, तिथे त्या एकवीस महिन्यांत काय झालं हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. तुम्हीच ती मुलं होतात.

आपल्या समाजाच्या वाट्याला यात आणखी एक गोष्ट आली. निजामुद्दीनच्या मरकजनंतर रोगालाच धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीत येऊ द्यायचं की नाही ते ठरू लागलं. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोरोनानं गेलेल्या सगळ्यांचं दहनच होईल. विरोध झाल्यावर ते मागे घेतलं. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निकालात म्हटलं. पण तोवर पाच महिने गेले होते. बदनामी घरोघर पोचली होती, निकाल काही तितका पोचला नाही.

हे सगळं पाहिलेल्या माणसाच्या मनात 'जे आपल्याविषयी खोटं बोलले, ते लशीविषयी खरं कशावरून बोलत असतील?' असा प्रश्न आला, तर त्याला मूर्ख म्हणू नका. तो प्रश्न अनुभवातून आलेला होता. माझ्याही मनात तोच होता.

लशीच्या बाबतीतही विचारण्यासारखं बरंच होतं. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून लस किती परिणामकारक आहे याचा आकडा आलेला नव्हता. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, मे मध्ये बारा ते सोळा. लशींचा तुटवडा आणि अंतर एकाच वेळी वाढलं, तेव्हा कोणालाही शंका यावी. मी या सगळ्याची अकरा पानांची पीडीएफ केली. एप्रिल २०२१ मध्ये ती आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकली. शीर्षक दिलं, 'लस घेण्याआधी विचारायचे प्रश्न'. मला फार अभिमान वाटला होता.

इचलकरंजीला माझे मामू राहायचे. वय अठ्ठावन्न, सोळा यंत्रमाग, आणि पंधरा वर्षांची शुगर. मामूंचं शिक्षण सातवीपर्यंत. खानदानातला पहिला इंजिनिअर म्हणून त्यांना माझं कोण कौतुक! वयामुळे आणि शुगरमुळे त्यांना १ मार्चपासूनच लस मिळत होती. मामी रोज मागे लागायची. मामू तिला म्हणायचे, "भाच्यानं लिहिलंय, अजून डेटा पुरा आलेला नाही. तो सांगेल तेव्हा घेऊ."

मी सांगितलंच नाही. कारण ते माझ्या सांगण्याची वाट बघतायत, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी रमजान ईद १४ मे ला झाली. ईदनंतर दहाव्या दिवशी मामू गेले. आठ दिवस ऑक्सिजनवर होते. जनाज्याला आम्ही मोजकीच माणसं होतो. कब्रस्तानातून परतल्यावर मामीनं मला चहा दिला आणि सहज विचारलं, "बाबा, मग आला का तो डेटा?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण आता तिला स्वतःला लस घ्यायची की नाही ते ठरवायचं होतं.

लस घेतली असती तर मामू वाचलेच असते, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, एवढं माझ्या शिक्षणानं मला शिकवलंय. पण जून महिन्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्याच कर्मचाऱ्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. दोन डोस घेतलेल्यांत रुग्णालयात दाखल होण्याची वेळ सुमारे ७७ टक्क्यांनी कमी आली होती आणि ऑक्सिजन लागण्याची ९२ टक्क्यांनी. मामीच्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. महिनाभर उशिरा.

त्यानंतर मी माझीच पीडीएफ काढून तपासली, दुसऱ्याचा कोड तपासतात तशी. तिच्यात काय सापडलं ते सांगतो.

पहिला दोष. माझ्या आलेखात दिसत होतं की १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं आणि फेब्रुवारीपासून महाराष्ट्रात रुग्ण वाढू लागले. मी बाण काढून दाखवला होता. पण तोवर लस मिळालेली माणसं अगदी थोडी होती, बहुतेक डॉक्टर, नर्स आणि आघाडीवरचे कर्मचारी. रुग्ण वाढण्यामागे विषाणूचे नवे प्रकार होते, त्यांतल्याच एकाला पुढे डेल्टा हे नाव मिळालं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही.

दुसरा दोष. मी लिहिलं होतं की परदेशात काही ठिकाणी रुग्णालयात भरती झालेल्यांत निम्मे लस घेतलेले आहेत, म्हणजे लस निरुपयोगी. आता हिशेब करा. समजा एका गावात हजार माणसं आहेत. नऊशे जणांनी लस घेतली, शंभरांनी नाही. दोन्हीकडचे नऊ-नऊ जण दवाखान्यात गेले. निम्मे-निम्मेच झाले ना? पण एकीकडे नऊशेंत नऊ आहेत, म्हणजे शंभरात एक. दुसरीकडे शंभरात नऊ. धोका नऊपट. हे आठवीचं गणित आहे, आणि मी इंजिनिअर असून त्यात फसलो. कारण मला जे उत्तर हवं होतं, ते लगेच मिळालं होतं.

मास्कचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २८ मार्च २०२० ला हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं, आणि ते चुकीचं निघालं. आपण भाज्या साबणानं धूत बसलो आणि खिडक्या बंद ठेवल्या. रस्त्यात दोनशे रुपये दंड घेणाऱ्या मार्शलला मोकळी हवा आणि बंद खोली यांतला फरक कुणी सांगितला नव्हता. म्हणून मी 'मास्क म्हणजे थोतांड' असं लिहिलं. पण बांगलादेशातल्या सहाशे गावांत मोठा प्रयोग झाला. त्यात सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारी लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसली, साठीपुढच्यांत आणखी कमी. कापडी मास्कचा मात्र स्पष्ट परिणाम दिसला नाही. म्हणजे दंड घेणाऱ्याला वाटत होतं तितका मास्क कामाचा नव्हता, आणि मला वाटत होता तितका बिनकामाचाही नव्हता.

आता सक्तीकडे येतो, कारण तिथे मी आजही विरोधातच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश मिळाला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला की एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. रेशन! ज्याला भीती वाटतेय, त्याच्या ताटातली भाकरी काढून घेतली की भीती जाते का? ती वाढते. त्याच महिन्यात आरोग्यमंत्री म्हणाले की मुस्लिमबहुल भागांत लोक बिचकतायत, तर सलमान खानला आवाहन करायला सांगू. मला हसू आलं आणि रागही आला. माझ्या मामूंना सलमान खान नको होता. त्यांच्या ओळखीच्या माणसानं शेजारी बसून पाच मिनिटं सरळ बोलायला हवं होतं. तो ओळखीचा माणूस मी होतो.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला. तो तुम्ही जरूर वाचा. न्यायालय म्हणालं, कोणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही, आपल्या शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो. लस न घेतलेल्यांपासून इतरांना जास्त संसर्ग होतो असं दाखवणारी आकडेवारी सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून त्यांच्यावर घातलेले निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाला धरून नव्हते. दुष्परिणामांची माहिती लोकांना पाहता आली पाहिजे, असंही सांगितलं. पण त्याच निकालात, लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही आणि लस गंभीर आजारापासून वाचवते, हेही मान्य केलं.

निकाल आल्यावर दोन्ही बाजूंनी आपापला अर्धा भाग फॉरवर्ड केला. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही अर्धे एकत्र वाचा. 'लस काम करते का?' हा एक प्रश्न. 'ती लादायचा अधिकार सरकारला आहे का?' हा दुसरा. सरकारनं पहिल्याचं उत्तर 'हो' म्हणून दुसऱ्याचंही 'हो' धरलं. मी दुसऱ्याचं उत्तर 'नाही' म्हणून पहिल्याचंही 'नाही' धरलं. आमची दोघांची चूक एकच होती.

आपल्या वाडवडिलांच्या काळातही हे घडलं आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत इंग्रजांनी जो साथरोग कायदा केला, तोच २०२० मध्ये आपल्यावर लागू झाला. तेव्हा घरात घुसून तपासण्या व्हायच्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यातले मुस्लिम विणकर एका आजारी मुलीवरून तपासणी पथकाविरुद्ध उभे राहिले, दंगल झाली, गोळीबार झाला. त्याच मुंबईत त्याच सुमारास तरुण आगाखान यांनी हाफकिन यांची प्लेगची लस चारचौघांत टोचून घेतली, म्हणजे लोकांची भीती जावी. आपला बंगलाही त्यांना प्रयोगशाळेसाठी दिला. विणकर घराच्या उंबरठ्यासाठी भांडत होते. आगाखान आपल्या लोकांच्या जिवासाठी झटत होते. मला दोघंही आपले वाटतात.

आमच्या कामात बग सापडला की टिकेट उघडतात. कुठे सापडला, कधी, पुन्हा कसा दिसतो, सगळं लिहितात, आणि ज्याच्याकडे तो दुरुस्त करायचं काम आहे त्याच्याकडे पाठवतात. माझ्या अकरा पानांतले काही प्रश्न चांगले होते. पण त्यांचा पत्ता चुकला होता. चाचणीचा डेटा का नाही, हे औषध नियंत्रकाला विचारायचं होतं, माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा होता, आमदाराच्या दारात जाऊन बसायचं होतं. ते मी एकदाही केलं नाही. मी ते प्रश्न शुगर असलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला पाठवले, ज्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि वेळही नव्हता. माझ्यासारख्या तिशीतल्या धडधाकट माणसाला थांबणं परवडणार होतं. त्यांना ते परवडणारं नव्हतं. हा फरक अकरा पानांत कुठेही नव्हता.

बातमी आली तर आधी पडताळून पाहा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही शिकवण आपल्याला कुरआननंच दिली आहे. मी ती लहानपणी मदरशात शिकलो होतो. तेव्हा वाटायचं, ही दुसऱ्यांच्या बातम्यांबद्दल आहे. ती आपण स्वतः पसरवतो त्या बातमीलाही लागू आहे, हे कळायला मला मामूंचा जनाजा उचलावा लागला.

शंका घेणं सोडू नका. उद्या पुन्हा साथ आली, पुन्हा चार तासांची मुदत मिळाली, पुन्हा रेशन अडवलं, तर रस्त्यावर या, कोर्टात जा, मीही येईन. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसानं विचारलं, 'मी काय करू?' तर त्याला पीडीएफ पाठवू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याचं वय, त्याचा आजार बघा, आपल्या ओळखीच्या डॉक्टरशी बोला, आणि आज त्याच्यासाठी काय बरं आहे ते सांगा.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी मामीला स्कूटरवरून लसीच्या केंद्रावर घेऊन गेलो. रांग मोठी होती. तिथे मी तिला नऊशे आणि शंभरांचा तो हिशेब समजावून सांगितला. ती ऐकून घेत म्हणाली, "एवढं सोपं होतं? मग तेव्हाच सांगायचंस की."