खानदेशच्या आकाशातली शिकाऊ विमानं



धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळालगत ज्यांची शेतं आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळच्या गारव्यात एक छोटं विमान उडतं, शिवारावरून वळसा घेतं, धावपट्टीला चाकं टेकवतं आणि न थांबताच पुन्हा वर जातं. मग पुन्हा तेच. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं, हे नुसत्या घिरट्या काय घालतंय! पण वैमानिक घडतो तो याच घिरट्यांमधून. शिकणारी मुलं त्यांना सर्किट म्हणतात.

जे. आर. डी. टाटा 1929 मध्ये देशातले पहिले परवानाधारक वैमानिक झाले, ते मुंबईच्या ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून, त्याच क्लबचं प्रशिक्षण पुढे जुहूहून धुळ्याला आलं. शिरपूरला वैमानिक घडवणारी अकादमी आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये झालं आणि 2021 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाणशाळांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचं नाव होतं. मुंबईच्या आकाशात प्रवासी विमानांची एवढी दाटी, की शिकाऊ विमानाला तिथे जागा मिळणं मुश्कील. आपल्याकडे आकाश मोकळं आहे आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर हवाही बहुधा स्वच्छ.

आपल्या डोक्यावरून जातात ती बहुतेक अमेरिकन सेसना किंवा इटालियन टेक्नाम. पण शिकाऊ विमान कसं असावं हे समजून घ्यायचं, तर मी चेक देशातल्या झ्लिन विमानांचं उदाहरण देईन. बाटाची चप्पल माहीत नाही असं घर आपल्याकडे विरळाच. त्या बाटाचं मूळ गाव झ्लिन. टोमास बाटा स्वतः विमानाने फिरणारा कारखानदार होता. धंद्याच्या कामासाठी तो विमानाने थेट भारतापर्यंत आला होता. जुलै 1932 मध्ये धुक्यात उड्डाण करताना त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. तरी त्या घराण्याने विमानाचा नाद सोडला नाही. 1934 मध्ये शेजारच्या ओट्रोकोवित्से गावात बाटांनी विमानांचा कारखाना काढला. तिथल्या झ्लिन-12 या लाकडी, दोन आसनी विमानाचे दोनशेच्या आसपास नग तयार झाले. युद्धानंतर झ्लिन ट्रेनर आलं. मग 1967 मध्ये झेड-42 उडालं. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. झेड-42 चा वारसा सांगणारी विमानं आजही ओट्रोकोवित्सेतच बनतात.

या विमानांची थोरवी वेगात नाही, सोसण्यात आहे. नाक फार वर उचललं की वेग पडतो, पंखांवरची हवा सुटते आणि पंख विमानाला तोलेनासे होतात. याला स्टॉल म्हणतात. त्यातूनच विमान गरगरत खाली येऊ लागलं, तर तो स्पिन. जमीन अंगावर येताना दिसली की घाबरून दांडी मागे ओढावीशी वाटते. करायचं असतं नेमकं उलट. इंजिनाचा जोर काढायचा, गरगरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर पायाने दाबायचा आणि दांडी पुढे ढकलायची. हे फळ्यावर शिकून अंगात मुरत नाही. त्यासाठी पुरेशा उंचीवर जाऊन ते मुद्दाम करून पाहावं लागतं आणि ते सोसणारं विमान हाताशी असावं लागतं.

एक हकिगत सांगतो. जून 1970 मध्ये इंग्लंडमध्ये हलाविंग्टनला नील विल्यम्स हा वैमानिक झ्लिन-526 मध्ये कसरतींचा सराव करत होता. सूर मारून वर येताना मोठा आवाज झाला आणि डाव्या पंखाचा जोड तुटून पंख वर दुमडू लागला. त्याला अशाच प्रसंगातून वाचलेल्या एका बल्गेरियन वैमानिकाची ऐकलेली गोष्ट आठवली. जमीन जवळ आलेली असताना विल्यम्सने विमान उलटं केलं. हवेचा दाब विरुद्ध बाजूने आल्यावर पंख जागच्या जागी बसला. उलट्या उड्डाणातही चालत राहावं असंच ते इंजिन बनवलेलं होतं. धावपट्टीपर्यंत तो उलटाच आला, अगदी शेवटच्या क्षणी विमान सुलटं केलं आणि पोटावर घसरत उतरला. विमान मोडलं, माणूस वाचला. दुसऱ्या वैमानिकाचा अनुभव त्याच्या कानावर पडलेला होता, म्हणून वाचला. उड्डाणशाळेत गुरूशेजारी बसून काढलेल्या तासांचं मोल मला या हकिगतीतून कळतं.

आपल्या भागाचे स्वतःचे धडेही आहेत. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, विमानाला धावपट्टी जास्त लागते. दुपारी तापलेल्या काळ्या रानांवरून गरम हवेचे झोत उठतात आणि हलकं विमान हिंदकळतं. शिकवणीला सकाळची वेळ धरतात ती यामुळेच.

16 जुलै 2021 चा दिवस चोपडा तालुका विसरलेला नाही. शिरपूरहून उडालेलं शिकाऊ विमान वर्डी शिवारात सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. वाहन पोचेल असा रस्ता नव्हता. तेव्हा एका आदिवासी माउलीने आपली साडी दिली, तिची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला खांद्यावरून बाहेर आणलं. कोण, कुठली, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

माझी कळकळ एवढीच, की या विमानांत खानदेशची मुलंमुली दिसावीत. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्याला अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि दोनशे तासांचं उड्डाण लागतं. त्यात एकट्याच्या जबाबदारीवर केलेला तीनशे सागरी मैलांचा एक प्रवासही असतो, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण कानांचा किंवा डोळ्यांचा दोष नंतर कळला तर फी वाया जाते. ही फी लाखांच्या घरात जाते, शेतकऱ्याच्या घराला ती पेलत नाही. खानदेशातल्या बँकांनी, साखर कारखान्यांनी, शिक्षणसंस्थांनी मिळून दरवर्षी निदान एका मुलीचा आणि एका मुलाचा खर्च उचलावा. त्याची सुरुवात येत्या जूनपासून करता येईल.