गावची विहीर



शाळेत सामान्य ज्ञानाच्या तासाला आपण मुलांना नद्यांची लांबी विचारतो, देशांच्या राजधान्या विचारतो, सनावळ्या पाठ करून घेतो. मुले धडाधड उत्तरे देतात. पण त्याच मुलांना एकदा विचारून पाहा, ‘आपल्या गावच्या विहिरीत पाणी येते कुठून?’ वर्ग गप्प होतो. मग एखादा धीट मुलगा म्हणतो, ‘गुरुजी, खालून!’ उत्तर चूक नाही, बरं का. पण खालून म्हणजे कुठून? आणि खाली तरी ते आले कुठून?

आज आपण त्या विहिरीच्या काठावर बसू आणि तिलाच तीन प्रश्न विचारू. पाणी आले कुठून? ते वर काढले कसे? आणि ते कुणाचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विहीर खणणाऱ्या माणसाला ठाऊक असते. तो सांगेल, वर काळी माती लागते. माळावर ती वीतभर, ओढ्याकाठी पुरुषभर. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली मांजऱ्या खडक लागतो, मऊ आणि भोकाभोकांचा. त्या भोकांत कुठे कुठे पांढरे चकचकीत स्फटिक बसलेले असतात. पोरे ते वेचून खिशात भरतात. त्याच्याही खाली काळा पाषाण. तिथे पहार उसळून परत येते आणि सुरुंगावाचून काम पुढे सरकत नाही.

हे थर आले कसे? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. तो पसरला, निवला, त्याचा खडक झाला. काही काळाने त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग जमीन आज याच खडकावर उभी आहे. सह्याद्रीच्या कड्याकडे लांबून पाहा. पायऱ्या पायऱ्या दिसतात ना? त्या या थरांच्याच.

तव्यावर धिरडे घातले की वरच्या अंगाला जाळी पडते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. लाव्ह्याचेही तसेच झाले. निवताना त्याच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले आणि भोकाभोकांचा खडक झाला. पोटातला भाग सावकाश निवला, तो घट्ट झाला. घट्ट खडकातून पाणी झिरपत नाही. ते राहते मुरमात, जाळीदार थरात, आणि खडकाच्या सांध्यांत व भेगांत. विहीर खणताना अशी एखादी भेग कापली गेली, की आपण म्हणतो ‘झरा लागला’. म्हणून तर एकाच्या शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे नुसता कोरडा खड्डा राहतो. लोक नशिबाला बोल लावतात. खरे पाहता तो भेगेचा खेळ असतो.

आणि त्या भेगेत पाणी येते ते पावसाचेच. दुसरीकडून ते येणार कुठून? एकट्या सातारा जिल्ह्याचे पाहा. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे 5,500 मिलीमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण तालुक्यात 500 च्या आसपास. पावसाचे ढग डोंगर चढताना आपले ओझे उतरवतात आणि पलीकडे हलके होऊन जातात. बरे, पडलेला सगळा पाऊसही जमिनीत मुरत नाही. काही ओढ्याने वाहून जातो, काही उन्हाने उडून जातो. आपल्या या खडकाळ मुलखात शंभर घागरी पाऊस पडला, तर त्यांतल्या साधारण दहाबाराच घागरी खाली पोचतात. वर्षाची ठेव ती तेवढी! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. पण आडात तरी ते या दहाबारा घागरींतूनच यायचे असते.

आता दुसरा प्रश्न. हे पाणी माणसाने वर काढले कसे?

गावात ऐंशीच्या पुढचे एखादे आजोबा असतील, तर त्यांना मोटेविषयी विचारा. ते विहिरीची खोली फुटांत न सांगता परसांत सांगतील. एक परस म्हणजे एक पुरुषभर खोल. मग ते मोटेचे वर्णन करतील. कमावलेल्या चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली निमुळती सोंड. वरच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. बैल उतरत्या धावेवरून पुढे चालले, की भरलेली मोट वर येई आणि तिची सोंड थारोळ्यात रिकामी होई. तिथून पाणी पाटाने रानात. बैल मागे सरत धावेच्या माथ्याशी आले, की मोट पुन्हा खाली. पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत हे काम चाले.

सातारा जिल्ह्यात लिंब गावाजवळ अशी एक विहीर आजही पाहायला मिळते. तिला लोक बारा मोटेची विहीर म्हणतात. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. उतरायला दगडी जिना आहे, कमानी आहेत, आणि विहिरीच्या पोटात बसण्या-उठण्याची लहानशी वास्तूही आहे. वर एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय केलेली. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांची सहल त्या बाजूला गेली, तर त्यांना किल्ला दाखवा, तशी ही विहीरही दाखवा. लढाया इतिहासात असतात, तसे पाणी काढण्याचे कसबही इतिहासातच असते.

मोटेची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बैल दमत असत. दुपारी त्यांना सोडावे लागे, रात्री बांधावे लागे. बैलांना विसावा मिळे, तेव्हा विहिरीलाही मिळे. रात्रभर झरे पाझरत आणि सकाळी पाणी पुन्हा जागेवर येई. पुढे तेलावरची इंजिने आली, मग खेडोपाडी वीज पोचली आणि पंप बसले. कष्ट वाचले, बागायत वाढली, चार घरांत पैसा आला. हे चांगलेच झाले. पुन्हा मोटेकडे जा, असे कुणी म्हणणार नाही. पण पंप दमत नाही. विहिरीचा विसावा तेवढा गेला.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला, त्यांना सुकडीची चव आणि खडी फोडण्याचा आवाज अजून आठवत असेल. दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. त्याच सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी यंत्राने कातळ विंधण्याचे काम गावोगाव वाढले. आज आपण त्याला बोअर म्हणतो. पिण्यासाठी आलेले हे साधन हळूहळू शेतात गेले. 200 फूट, 400 फूट, आणि कुठे कुठे त्याच्याही पलीकडे. एवढ्या खोल कातळातल्या भेगा थोड्या, आणि त्यांत पाणी भरायला वेळही फार लागतो. काढणे एका रात्रीत होते, भरणे मात्र पावसाच्या हाती.

आता तिसरा प्रश्न राहिला, आणि तोच सर्वांत अवघड आहे. पाणी कुणाचे?

मघाशी मी मोटेचे वर्णन केले. त्या मोटेचे चामडे कमावणारे हात होते, तिचा नाडा वळणारे हात होते. त्यांच्यावाचून गावचे एक थेंब पाणी वर आले नसते. पण त्याच माणसांची घागर विहिरीच्या काठाला लागलेली गावाला चालत नसे. त्यांच्या घरच्या बाया उन्हात दूर उभ्या राहत. कुणाला दया आली, तर वरून ओंजळीत पाणी घाली. नाहीतर ओढ्यातल्या झिऱ्याशी वाटीवाटीने घागर भरावी लागे. खडक जात विचारीत नव्हता. विचारीत होता तो माणूस.

या रीतीला 1868 साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या कृतीने उत्तर दिले. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला. म्हणून 20 मार्च 1927 या दिवशी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तिथले पाणी ओंजळीने घेतले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. तब्बल दहा वर्षांनी, 1937 साली, मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या बाजूने.

आपल्या राज्यघटनेत विहिरीचा उल्लेख आहे, हे मुलांना अवश्य सांगा. 26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली. तिच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांची नावे घेऊन म्हटले आहे, की सार्वजनिक पाणवठ्यावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरीला जागा का मिळाली? ओंजळभर पाण्यासाठी माणसांनी काय सोसले, हे ती लिहिणाऱ्यांना ठाऊक होते म्हणून.

कायदा झाला तरी रीत एका दिवसात मोडत नाही. 1970 नंतरच्या वर्षांतही बाबा आढाव आणि त्यांच्या सोबत्यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही हाक देत गावोगाव फिरावे लागले. तेव्हा मुलांनो, तुमच्या गावी जुन्या विहिरी दोन असतील, तर ‘दोन का?’ असे घरी विचारा. उत्तर ऐकायला कदाचित बरे वाटणार नाही. पण ते ऐकलेच पाहिजे.

आज हाच प्रश्न निराळ्या रूपाने आपल्या दारी उभा आहे. तेव्हा भांडण काठावरचे होते. आता ते तळाशी गेले आहे. माझ्या रानात मी खोल बोअर घेतले आणि शेजाऱ्याची विहीर चैत्रात आटली, तर ते पाणी कुणाचे होते? 1882 सालच्या एका कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीतले जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क दिला. पण बांध असतो जमिनीवर; खालच्या भेगेला सातबारा ठाऊक नसतो. आपल्या राज्याने 1993 साली कायदा करून ठरवले, की पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेता येऊ नये. म्हणजे सर्वांची तहान आधी, ही गोष्ट कायद्यानेही मान्य केली. पण रात्री चालणाऱ्या यंत्रावर पहारा कोण ठेवणार? तो गावानेच ठेवायचा.

आणि गाव तो ठेवू शकते, बरं का! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पाहा. गाव कमी पावसाच्या पट्ट्यातले. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, झाडे लावली, ओढ्यांना बांध घातले. पण त्यांचे खरे शहाणपण त्यापुढचे आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. माणसांना किती, जनावरांना किती, उरेल त्यात कोणते पीक, हे सर्वांनी बसून ठरवायचे. पाणी अडवणारी गावे पुष्कळ आहेत. अडवलेले पाणी मोजून वाटून घेणारी थोडी.

मोजणे, शिक्षकहो, इथे तुमचे काम सुरू होते. भूजल खात्याची माणसे ठरलेल्या विहिरींचे पाणी वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुमच्या शाळेलाही ते जमेल. दोरीला दर फुटावर गाठ मारा, टोकाला दगड बांधा. कठडा असलेली विहीर निवडा. मुले दोन पावले मागे उभी राहतील. दोरी तुम्ही स्वतः सोडा. दगड पाण्याला टेकला की मुलांनी गाठी मोजायच्या आणि शाळेच्या भिंतीवर तारीख व आकडा लिहायचा. शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहा. चार वर्षांत त्या भिंतीवर गावचा इतिहास उभा राहील. मग एखादी चुणचुणीत मुलगी ग्रामसभेत उभी राहून ते आकडे वाचून दाखवील. मोठी माणसे गप्प होतील, आणि तिथूनच बोलण्याला सुरुवात होईल.

पाणी आले कुठून, हे त्या मुलीला खडक सांगेल. ते वर कसे काढले, हे आजोबा सांगतील. ते कुणाचे, हे मात्र तिला साऱ्या गावाला विचारावे लागेल. आपले उत्तर तयार ठेवा, श्रोतेहो.